मागची सीट

राइड सुरू होण्याआधी कॅप्टन आपला ठरलेला विनोद करायचे. सायकल क्लबातल्या सगळ्यांना तो पाठ होता, तरी दर वेळी कुणीतरी नवा भिडू सापडायचाच. तो त्यांच्या टँडमकडे, म्हणजे त्या दोन सिटांच्या लांबलचक सायकलीकडे, कौतुकानं बघत म्हणायचा, "वा! दोघं चालवता म्हणजे निम्मेच कष्ट." की कॅप्टन मान मागे टाकून म्हणायचे, "छे हो! चालवतो मी. ही मागे बसून झोप काढते. चढाला लागलो की मला घोरणं ऐकू येतं." लोक हसायचे. मागच्या सीटला हात लावून उभी असलेली त्यांची बायकोही हसायची. बारा वर्षं हसत होती ती, गालांना सवयच झाली होती.

आता टँडमची एक गंमत आहे, ती आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पुढे बसतो तो कॅप्टन. हँडल त्याच्या हातात, ब्रेक त्याच्या हातात, गियरही त्याच्याच हातात. मागच्याला जे हँडल असतं ते नुसतं धरायला, ते वळत नाही. मात्र पेडल दोघांनाही असतात आणि ते एकाच साखळीनं बांधलेले असतात. पुढचे पाय फिरले की मागचे फिरणारच, मनात असो नसो. त्यामुळे रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणाऱ्याला चारही पाय अगदी सारखे फिरताना दिसतात. पण पाय फिरणं निराळं आणि पाय मारणं निराळं. कोण मारतंय आणि कुणाचे आपले नुसतेच फिरताहेत, हे बाहेरून बघून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

कॅप्टन एका विमा कंपनीत अधिकारी होते. सायकलीवरची ही पदवी त्यांना इतकी चिकटली की ऑफिसातला शिपाई आणि इमारतीचा वॉचमनसुद्धा त्यांना कॅप्टनच म्हणायला लागला. बायको क्लबात सगळ्यांची वहिनी. ती एका मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपीच्या विभागात होती, लोकांचे आखडलेले खांदे आणि ऑपरेशन झालेले गुडघे हलते करायचं तिचं काम. लग्नाआधी ती सायकलनं कॉलेजला जायची आणि वाटेत कुणी पुढे गेलेलं तिला खपायचं नाही. लग्नानंतर काही वर्षांनी तिची नजर आकसायला लागली. आधी संध्याकाळचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, आणि शेवटी नुसता उजेड आणि काळोख तेवढा कळायचा. नोकरी टिकली, कारण ती होतीच हातांची. पण बाकी सगळं दुसऱ्याच्या हाती गेलं. रस्ता ओलांडायचा, कुणीतरी कोपर धरणार. जिना चढायचा, कुणीतरी कोपर धरणार. चांगल्या मनानं धरायचे सगळे, त्यामुळे हात झिडकारायचीही सोय नव्हती.

टँडमची कल्पना तिचीच. हॉस्पिटलात एका पेशंटनं अशा सायकलीबद्दल सांगितलं आणि तिनं घरी महिनाभर तोच धोशा लावला. कॅप्टन आधी नाहीच म्हणाले. लोक हसतील, म्हणाले. मग घेतली सायकल, आणि पहिल्याच राइडला लोक हसायच्या ऐवजी टाळ्या वाजवायला लागले. अंध बायकोला मागे बसवून शंभर किलोमीटर नेणारा नवरा! क्लबानं त्यांना कप दिला. तो घेताना कॅप्टन म्हणाले, "मी तिचे डोळे आहे, बस्स." सभागृहात दोघीतिघी नाक ओढताना तिला ऐकू आल्या. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात कॅप्टन पूर्ण आले होते आणि ती अर्धी कापली गेली होती, असं तिला हॉस्पिटलातल्या नर्सनं सांगितलं. त्यावरही ती हसलीच.

तिला कप नको होता, फोटो नको होता. तिला ती सीट हवी होती. सायकल सुटली की तोंडावर वारा यायचा, पोटऱ्या तापायच्या, श्वास आपल्या लयीला लागायचा. तेवढे तास तिला कुणी कोपराला धरून नेत नसे. ती स्वतःच्या पायांनी जात असे, आणि जोरात जात असे. त्यासाठी ती घोरण्याचा विनोद बारा वर्षं काय, अजून चोवीस वर्षं ऐकायला तयार होती.

आणि तिला एक गोष्ट माहीत होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. राइडवरून आलं की कॅप्टन पलंगावर पालथे पडायचे आणि ती त्यांचे पाय चोळून द्यायची. दिवसभर दुसऱ्यांचे स्नायू हाताळणारे हात ते, त्यांच्यापासून काय लपणार? पाच-सहा तास चढ चढून आलेली मांडी कशी लागते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. स्वतःची तशी लागायची, दगडासारखी. कॅप्टनांची मात्र मळून ठेवलेल्या कणकेसारखी मऊ आणि गार. गेली दोन-तीन वर्षं हे असंच होतं. पुढे बसून ते हँडल सांभाळत, गप्पा मारत, लोकांना हात करत, आणि पाय आपले तिच्या जोरावर फिरत. तसे ते लबाड नव्हते. आपणच ओढतो आहोत असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं. ती मूग गिळून बसली होती. सीट होती ना, मग झालं.

त्या वर्षी क्लबानं मोठी राइड ठरवली, सहाशे किलोमीटरची, डोंगर ओलांडून थेट समुद्रापर्यंत. डोळे जायच्या आधी तिनं एकदाच समुद्र पाहिला होता. आता दिसणार नव्हता, पण स्वतःच्या पायांनी तिथवर जायचं आणि त्याचा आवाज ऐकायचा, हे तिच्या मनानं घेतलं होतं. कॅप्टन म्हणाले, "आधी दोनशेची राइड वेळेत पुरी करू. ती झाली की तुझं नाव देतो." दोनशेची राइड म्हणजे पहाटे निघायचं आणि संध्याकाळी ठरलेली वेळ संपायच्या आत पोचायचं. वाटेत तपासणीच्या जागा असतात, तिथं कार्डावर शिक्का घ्यायचा. बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही, गाडीत बसायचं नाही. उशीर झाला की राइड बाद. त्यासाठी ती तीन महिने जिन्यावरून चढउतार करत होती. इमारतीतल्या बायकांना वाटायचं, वहिनींचं काहीतरी सारखं खाली राहतंय.

पहाटे विनोद झाला, हसणं झालं, राइड सुटली. पहिली शंभर किलोमीटर अशी गेली की कॅप्टनांना शीळ घालायला सवड मिळाली. पूर्वी ते खड्डा आला की "खड्डा!" म्हणून ओरडायचे, म्हणजे मागच्याला जरा उचलून बसता येतं. हल्ली विसरायचे. तिचं बूड हाणून निघायचं, पण ती काही बोलायची नाही. एकेका सायकलीच्या साखळीचा आवाज पुढून जवळ येई, बाजूला येई आणि मागे पडे, आणि तेवढ्यावर ती खूश होती. "आज काय पाय चाललेत माझे!" कॅप्टन म्हणाले. "चाललेत खरे," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवरची तपासणी एका पेट्रोल पंपावर होती. कॅप्टनांनी तिला मागच्या बाजूला बाथरूमपर्यंत सोडलं आणि ते शिक्का घ्यायला गेले. ती बाहेर आली तेव्हा ते कोपऱ्यापलीकडे उभे होते, क्लबाच्या सेक्रेटरीबरोबर. सेक्रेटरी म्हणजे दातांचे डॉक्टर, कॅप्टनांचे जुने दोस्त. मध्ये फक्त पत्र्याचा आडोसा होता. ती हाक मारणार तेवढ्यात आपलंच नाव निघालेलं तिनं ऐकलं.

"मोठ्या राइडला वहिनी येताहेत ना?" डॉक्टर विचारत होते.

"नाही रे. मागे भाच्याला घेतोय." भाचा म्हणजे कॅप्टनांच्या बहिणीचा मुलगा, जिममध्ये जाऊन दंड फुगवलेला.

"का? आज तर मस्त चाललायत तुम्ही."

"चाललोय, पण माझं मला माहीत. दोनशेपर्यंत ठीक आहे, तिची हौस म्हणून नेतो. सहाशेला मागे इंजिन पाहिजे. पोतं ओढत कुठवर जाऊ मी? भाच्याचं नाव कधीच देऊन टाकलंय."

"वहिनींना सांगितलंस?"

"सांगीन. आज नको, आज खुशीत आहे ती."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "तू फार केलंस रे तिच्यासाठी. दुसरा असता तर…"

"चालायचंच," कॅप्टन म्हणाले.

पोतं म्हटल्याचं तिला लागलं, पण त्या "चालायचंच"नं तिच्या डोक्यात तिडीक गेली. किती दमून, किती थोरपणानं म्हणाले ते! नाव कधीच देऊन टाकलं होतं. म्हणजे आजची राइड, ते जिने, तो तीन महिन्यांचा घाम, सगळा पोरखेळ. मूल हट्ट करतं म्हणून त्याला हातात एक चमचा द्यावा तसं. रागानं तिच्या कानांत रक्त वाजायला लागलं. ती पत्र्याला धरून तशीच उभी राहिली. मग कॅप्टन आले, त्यांनी तिचं कोपर धरलं आणि म्हणाले, "चल, दमलीस का?"

"नाही," ती म्हणाली.

सीटवर बसेपर्यंत तिचं ठरलं होतं. पोतं तर पोतं. पाय फिरू द्यायचे, मारायचे नाहीत. बघू या किती ओढतात ते. मात्र तिनं मनाशी एक कबूल केलं होतं, की त्यांनी एकदा, फक्त एकदा मागे वळून विचारलं, "अगं, तू पाय मारत नाहीस का?" तर त्या क्षणी सगळं विसरून जीव तोडून मारायचे आणि वेळेत पोचवायचं. मोठी राइड गेली खड्ड्यात. तो एक प्रश्न मिळाला तरी तिला पुरणार होता.

पाय न मारणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. बारा वर्षांची सवय. चढ लागला की मांड्या आपोआप जोर लावायला बघायच्या आणि ती त्यांना दटावून गप्प बसवायची. पंपापासून थोडं पुढे गेल्यावर लांबलचक चढ होता. सायकल त्याला लागली आणि अंगातली हवा गेल्यासारखी मंदावली. पुढे गियर बदलल्याचा खटका वाजला. मग दुसरा. मग तिसरा. मग हलके गियरच संपले.

"वारा आहे समोरून," कॅप्टन धापा टाकत म्हणाले.

वारा नव्हता. कडेच्या झाडांचं पान हलत नव्हतं, ते तिच्या कानांना बरोबर कळत होतं.

थोड्या वेळानं ते थांबले. ब्रेक घासतोय म्हणाले. चाक उचलून फिरवून बघितलं, ते छान फिरलं. मग पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. टायर दाबून बघितला, तो टणक होता. साखळीवर तेल सोडलं. मागे टाकलेल्या सायकली आता एकेक करून पुढे जायला लागल्या. "कॅप्टन, काय झालं?" म्हणून विचारत गेल्या. कॅप्टनांनी ब्रेक बघितला, टायर बघितला, साखळी बघितली, आभाळाकडे बघून ढगसुद्धा बघितले असतील. फक्त मागच्या सीटकडे बघायचं त्यांना सुचलं नाही. आणि सुचणार तरी कसं? त्यांच्या लेखी मागून कधी जोर येतच नव्हता, मग तो बंद झाला हे कळायचं कुठून!

तिला हसू आलं, आणि त्या हसण्याची तिला भीतीही वाटली. गंमत बघावी म्हणून तिनं एकदा पाय मारले, पूर्वीसारखे, पूर्ण जोरानं. सायकलनं उसळीच घेतली.

"बघ, वारा पडला!" कॅप्टन आनंदानं ओरडले.

तिनं पाय सैल सोडले.

"सुटला परत," कॅप्टन म्हणाले, आणि त्यांचा आवाज रडवेला झाला.

चढाच्या निम्म्यावर त्यांनी सायकल कडेला घेतली आणि मैलाच्या दगडावर बसकण मारली. त्यांचा श्वास ती ऐकत होती. मग हळूच म्हणाले, "माझ्या पायांत जीवच नाही गं. सकाळी होता, आता नाही. असं कधी झालं नव्हतं." आणि थोडं थांबून, "बाबा माझ्याच वयाचे होते. ऑफिसचा जिना चढत होते."

कितीही राग असला तरी तो माणूस घाबरला होता, खरोखरच घाबरला होता. तिनं चाचपत त्यांचं मनगट शोधलं आणि नाडी बघितली. धावलेल्या माणसाची असावी तशी, जोरकस आणि एकसारखी. "ठणठणीत आहात तुम्ही," ती म्हणाली. "काही झालेलं नाही तुम्हाला."

"तू पाय चोळणारी. हृदयाचं तुला काय कळतंय?" त्यांनी हात काढून घेतला.

ती हे गिळून म्हणाली, "उठा. अजून वेळ आहे. मी मारते पाय, पोचू आपण."

"तू?" कॅप्टन हसले. दुखणाईत माणसानं लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसं प्रेमानं हसले. "अगं, मीच नाही मारले तर सायकल चालायची कशी? तू नुसती धरून बस हं शांत."

ती शांत बसली. कॅप्टनांनी फोन केला आणि क्लबाची गाडी आली. टँडम टपावर बांधली गेली, आणि गाडीत बसताना कुणीतरी तिचं कोपर धरलं.

शेवटच्या ठिकाणी सगळे गोळा झाले. कुणी खुर्ची दिली, कुणी मिठाचं पाणी. दातांचे डॉक्टर म्हणाले, "वय कुणाला चुकलंय, कॅप्टन? आणि तू तर इतकी वर्षं दोघांचं ओढलंस." चारी बाजूंनी "खरंय, खरंय" आलं.

हॉस्पिटलात कॅप्टनांच्या तपासण्या झाल्या. पट्ट्यावर पळवून झालं, सुया टोचून झाल्या. सगळं काही उत्तम निघालं. पण कॅप्टनांचा विश्वास बसेना. मशिनं काय सांगणार, माझ्या पायांनी मला सांगितलंय, म्हणायचे. सकाळी उठून खिडकीशी बसायचे. जेवण कमी झालं. टँडमवर चादर टाकली. हे बघून तिचा राग ओसरला आणि नुसती लाज उरली. एका दुपारी ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"अहो, एक सांगायचंय. तुमच्या पायांना काही झालेलं नाही. त्या चढावर मी पाय मारत नव्हते. मुद्दाम."

तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं असंच तिला वाटत होतं. एवढं ओरडावं की शेजारच्यांनी दार वाजवावं.

त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "किती करशील गं माझ्यासाठी?" ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतेस?"

"तसं नाही! मी ऐकलं होतं तुमचं, पंपावरचं. पोतं म्हणालात मला. भाच्याचं नाव दिलंत. म्हणून थांबवले पाय मी. खरंच थांबवले! दर वेळी मीच मारते, तुमचे नुसते फिरतात!"

कॅप्टन थोडे चपापले. "ते… पुरुषांचं आपापसातलं बोलणं असतं, त्याचं काय घेऊन बसतेस?" मग ते रडायलाच लागले. "आणि एवढं ऐकूनसुद्धा तू मला वाचवायला बघतेस. मी नाही गं तुझ्या लायकीचा."

ती ओरडली, शपथा घातल्या, मांडीला हात लावून बघा म्हणाली. जितकं बोलली तितके ते जास्त रडले. शेवटी तिनंच हात टेकले.

क्लबाच्या पुढच्या बैठकीत कॅप्टनांनी उभं राहून निवृत्ती जाहीर केली आणि ही हकिकतही सांगितली. "माझी बायको मला म्हणते, मीच पाय मारत नव्हते! आता बोला." सभागृहात टाळ्या झाल्या. या टाळ्या पहिल्यांदाच फक्त तिच्यासाठी होत्या. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. उठून चालतं व्हावं असं तिला वाटलं, पण दार कुठल्या बाजूला आहे हे तिला माहीत नव्हतं.

तिनं एकदा दातांच्या डॉक्टरांना फोन करून पाहिला. "क्लबात कुणी पुढे बसायला मिळेल का हो मला? कुणीही चालेल. रविवारपुरतं."

"वहिनी, कॅप्टनला काय वाटेल?" डॉक्टर म्हणाले. मग जरा अवघडून, "आणि रागावू नका, पण दोघांचं ओढायचं म्हणजे कॅप्टनसारखाच माणूस लागतो. बाकीच्यांच्या ते आवाक्यातलं नाही."

टँडम भाचा घेऊन गेला. आठवड्यानं त्याचा फोन आला. "मामी, भयंकर जड आहे हो तुमची सायकल. माझा मित्र मागे बसला, म्हटलं तू दमू नकोस, नुसते पाय ठेव. चढावर जीव गेला माझा! मामा एकटे कशी ओढत होते कोण जाणे. ग्रेट माणूस!" ती हो म्हणाली आणि फोन ठेवला.

सायकल गेल्यावर हॉलच्या भिंतीशी मोकळी जागा राहिली. ती येताजाता तिथं हात लावून बघायची, ते कॅप्टनांच्या नजरेतून सुटलं नाही. वाईट माणूस नव्हताच तो. एका सकाळी दोन माणसं काहीतरी जड घेऊन आली आणि त्या जागी ठेवून गेली. "ये, हात लाव," कॅप्टन म्हणाले. सीट होती, हँडल होतं, पेडल होते. चाक एकच होतं, तेही जमिनीला न टेकणारं. घरात एका जागी उभी राहणारी व्यायामाची सायकल. "तुझी हौस राहायला नको," ते म्हणाले. "आता ऊन नाही, खड्डे नाहीत, गाड्यांची भीती नाही."

दातांचे डॉक्टर चहाला आले होते, त्यांना दाखवायला म्हणून कॅप्टनांनी तिला त्या दिवशी वर बसवलं. "पेडलांचा जडपणा मी अगदी शून्यावर ठेवलाय," ते डॉक्टरांना सांगत होते. "तिला काही करावं लागत नाही, पाय आपोआप फिरतात."

पाय खरंच आपोआप फिरत होते. तोंडावर वारा नव्हता, समोर भिंतीच्या रंगाचा वास होता. तिनं बोटांनी हँडलखाली चाचपलं. पेडल जड करायची कळ तिथं होती. ती तिनं फिरवली, आणखी फिरवली, पार शेवटपर्यंत फिरवली. मग ती सीटवरून उठली आणि पेडलांवर उभी राहिली, लांबच्या चढाला राहायची तशी, आणि जेवढा होता नव्हता तेवढा जोर लावून पाय मारायला लागली. लोखंड कुरकुरलं, चाक घरघरायला लागलं, कपाटावरचा क्लबाचा तो कप थडथडायला लागला. मागे चाललेलं बोलणं थांबलं. घाम तिच्या डोळ्यांत उतरला आणि ती मारतच राहिली.

"अगं, अगं, हळू!" कॅप्टन चहाचा कप ठेवून धावत आले. "पडशील!"

आणि त्यांनी तिचं कोपर धरलं.